डांबराला जात नसते, मग खड्डा आमच्याच वस्तीत का मुरतो?

अशोक विजयादशमी जवळ आली की नागपुरात दरवर्षी एक चमत्कार घडतो. अख्खा पावसाळा ज्या खड्ड्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही, त्यांच्यापाशी एकाएकी गाड्या थांबू लागतात. साहेब लोक खाली उतरतात, बोटाने दाखवतात, सोबतचे अभियंते वहीत टिपून घेतात. मग डांबराचा वास सुटतो, रोलर फिरतो आणि रहाटे कॉलनी चौक म्हणा, लक्ष्मीनगर म्हणा, काछीपुरा म्हणा, दीक्षाभूमीकडे येणारे रस्ते पाहता पाहता चालण्यालायक होतात. देशभरातून लाखो अनुयायी येतात, बाबासाहेबांना वंदन करतात आणि परत जातात. त्यांच्या पायाला खडा टोचू नये म्हणून प्रशासन धावते, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु या चमत्काराने एक गोष्ट पुरती सिद्ध होते. खड्डा बुजवणे अशक्य नाही. यंत्र आहे, माणूस आहे, डांबर आहे आणि पैसाही आहे. मनात आणले तर थोडे दिवसही पुरतात.

मग आमचा सवाल एवढाच आहे की, दीक्षाभूमीवर वंदन करून जो माणूस इंदोऱ्याला, वैशालीनगरला, कपिलनगरला, नारी रोडला किंवा इकडे रामेश्वरी-कौशल्यानगरला आपल्या घरी परततो, त्याच्या गल्लीसाठी वर्षाचे उरलेले महिने का पुरत नाहीत?

कुणी म्हणेल, खड्डे काय धरमपेठेत पडत नाहीत? पडतात. आम्ही ते नाकारत नाही. पाऊस जात विचारून पडत नाही आणि डांबरालाही जात नसते. फरक आहे तो खड्डा किती दिवस जगतो यात. सिव्हिल लाइन्समधून निघून एकदा सायकलने उत्तर नागपुरातल्या आतल्या गल्ल्यांपर्यंत या, बाकीचे तुमची कंबर सांगेल. यावर कुणाला शंका असेल तर उपाय सोपा आहे. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. खड्ड्याची तक्रार कोणत्या तारखेला आली आणि तो कोणत्या तारखेला बुजला, याची झोनवार यादी दर महिन्याला जाहीर करा. आशीनगर झोन आणि धरमपेठ झोन शेजारी-शेजारी लिहा. आकडे सारखे निघाले तर आम्ही आमचा आरोप जाहीरपणे मागे घेऊ.

आमच्या वस्तीतील एका मावशीची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. चार घरचा स्वयंपाक करून संसार ओढणारी ही बाई पहाटे साडेपाचला कामावर निघाली. रात्री पाऊस होऊन गेलेला, खांबावरचा दिवा बंद, रस्ता आणि डबके एक झालेले. गडरलाइनसाठी खोदून वर नुसता मुरूम लोटून दिलेल्या जागी तिचा पाय गेला आणि मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. चारपैकी दोन घरांनी तेवढ्यात दुसरी बाई ठेवून घेतली. आम्ही पाच-सहा जण अर्ज घेऊन निघालो. पहिल्या कार्यालयात सांगण्यात आले की हा रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात कळले की हे ले-आउट अजून हस्तांतरित झालेले नाही. तिसऱ्या ठिकाणी एका सद्गृहस्थांनी फार आपुलकीने सल्ला दिला की, तुमची वस्ती दलित वस्तीच्या योजनेत बसते, तो निधी आला की बघू. निधीची वाट पाहता पाहता हिवाळा लागला, धुळीने आणि कचऱ्याने तो खड्डा आपोआप भरला. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाने तो पुन्हा उघडला. मावशी आता त्या गल्लीतून जात नाही, लांबचा वळसा घालून जाते.

या लहानशा प्रसंगात रस्ते दुरुस्तीचे सगळे राजकारण सामावले आहे, असे आमचे मत आहे.

रस्ता हा क्षुल्लक विषय आहे काय?

आमच्याच चळवळीतील काही विद्वान मित्र नाक मुरडतात. नळ, नाली आणि रस्ता हे नगरसेवकी विषय, चळवळीने मोठ्या प्रश्नांवर बोलावे, असे त्यांचे म्हणणे. या मित्रांना आम्ही नम्रपणे इतिहासाची आठवण करून देऊ इच्छितो. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्यांच्या पायाने रस्ता बाटतो म्हणून कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेदनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवून ठेवले आहे. १९२४ मध्ये त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह झाला, तो मंदिरप्रवेशाचा नव्हता. मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे, एवढीच त्याची मागणी होती. १९७९ मध्ये नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे सरांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला तो याच नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने, पायी! रस्त्यावर चालण्याचा हक्क मिळवण्यासाठी आणि रस्त्यावर चालून हक्क मिळवण्यासाठी ज्या समाजाने एवढे भोगले, त्या समाजाला रस्ता हा किरकोळ विषय वाटावा, याला काय म्हणावे?

आणि महाड? १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव घेतला. म्हणजे कागद पक्का होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर प्रत्यक्ष जावे लागले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर होते, ते चालत जाऊनच कापावे लागले. आज आमच्या गल्लीचे काम मंजूर आहे, अंदाजपत्रक तयार आहे, निविदा निघाली आहे, असे जे आम्हांला ऐकवले जाते, ते ऐकताना महाडच्या त्या ठरावाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

ज्याचा रस्ता, त्याची जबाबदारी. पण रस्ता कुणाचा?

आपले नागपूर रस्त्यांच्या बाबतीत साधेसुधे शहर नाही. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा १९४३ च्या डिसेंबरात याच शहरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरला. अभियंते आजही त्याला ‘नागपूर प्लॅन’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते अशी देशातल्या रस्त्यांची वर्गवारी या आराखड्याने लावली. झिरो माइलचा खांब मिरवणाऱ्या या शहरात आज मात्र आपल्या घरासमोरचा रस्ता कुणाच्या मालकीचा, हे शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही. कारण काही रस्ते महानगरपालिकेचे, काही नागपूर सुधार प्रन्यासचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे, तर काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे.

त्यातही गरिबाच्या नशिबी आले ते ‘५७२’ आणि ‘१९००’ चे ले-आउट. शेतजमिनीवर कुणीतरी आखणी केली, गरजवंतांनी हजार-पंधराशे फुटांचे प्लॉट घेतले, पै-पै जोडून घर बांधले, आणि नंतर कळले की ले-आउटच अनधिकृत आहे. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. नियमितीकरणाचा मार्ग निघाला, विकास शुल्काच्या डिमांड निघाल्या, लोकांनी व्याजाने पैसे काढून त्या भरल्या. पैसे भरले ते रस्ता, नाली, गडरलाइनसाठी. परंतु प्रन्यास म्हणणार हस्तांतरण झाले, महापालिका म्हणणार विकास अर्धवट आहे. या दोघांच्या मधल्या पोकळीत जो चिखल साचतो, त्यातून आमची लेकरे शाळेत जातात.

कायद्यात मात्र कसलीही पोकळी नाही. नागपूर महानगरपालिका १९५१ पासून अस्तित्वात आहे. पूर्वी ती १९४८ च्या स्वतंत्र नागपूर कायद्याखाली चाले, आज ती १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालते. या अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि सार्वजनिक रस्ते बांधणे व त्यांची देखभाल करणे हे त्यांपैकी एक आहे. बंधनकारक म्हणजे जमले तर करू, असे नव्हे! ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही रस्ते आणि पूल आहेत, गलिच्छ वस्त्यांची सुधारणाही आहे. सबब, दलित वस्तीचा निधी आला की रस्ता करू, हे उत्तर आम्ही मान्य करीत नाही. दलित वस्तीचा निधी हा मागे राहिलेल्या वस्तीला पुढे आणण्यासाठीचा जादा निधी आहे. मालमत्ता कर आम्हीही भरतो. त्या करातून होणारी नेहमीची देखभाल आमच्या वस्तीच्या नावातून वगळून जादाच्या निधीकडे बोट दाखवणे म्हणजे ताटातली भाकरी काढून घेऊन लग्नाच्या जेवणाचे आमंत्रण देणे होय.

खड्डा कसा जन्मतो आणि कसा मारायचा

खड्ड्याचे कारण पाऊस आहे, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. डांबराचा वैरी पाऊस नाही, साचलेले पाणी आहे. रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे उतार असेल आणि कडेची नाली वाहती असेल तर पावसाचे पाणी निघून जाते. नाली तुंबलेली असेल तर पाणी रस्त्यावर थांबते, बारीक भेगांतून खाली गिट्टीच्या थरात शिरते, वरून ऑटो आणि ट्रक जातात, प्रत्येक चाकाच्या दाबाने खालचे पाणी कारंज्यासारखे उसळते आणि गिट्टीला धरून ठेवणारे डांबर सोडवते. त्यात नागपूरची काळी माती. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि तिच्यासोबत वरचा रस्ता हलतो. म्हणून जिथे नाली नाही तिथे रस्ता टिकत नाही. आमच्या वस्त्यांत रस्ता होतो, नाली होत नाही. मग दोन पावसाळ्यांत रस्ता जातो आणि दोष वस्तीतल्या लोकांना दिला जातो की यांना रस्ता सांभाळता येत नाही!

खड्डा बुजवण्याची रीतही ठरलेली आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था १९३४ पासून यासाठीच नियम घालून देते. खड्ड्याच्या वेड्यावाकड्या कडा कापून चौकोन करायचा. आतला चिखल, पाणी, सुटी गिट्टी काढून तळ स्वच्छ व कोरडा करायचा. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा. मग दीडशे अंशांच्या आसपास तापवून आणलेले गिट्टी-डांबराचे मिश्रण गरम असतानाच भरायचे, खोल असेल तर थराथराने, आणि रोलरने असे दाबायचे की ते रस्त्याच्या पातळीत बसेल. महापालिकेकडे त्यासाठी हॉट मिक्स विभाग आहे. आता वाचकांनीच आठवून पाहावे, आपल्या गल्लीत यातले काय होते? पाणी भरलेल्या खड्ड्यात घमेल्याने मुरूम ओतला जातो, नाहीतर कुठल्या तरी पाडकामाचा मलबा. फारच झाले तर दहा-वीस गट्टू ठोकून दिले जातात. मुरूम दुसऱ्या दिवशी चिखल होतो, तिसऱ्या दिवशी धूळ होते. गट्टू खचून एक कोपरा वर येतो आणि मोटारसायकलवाल्याचा काळ ठरतो. अशी दुरुस्ती स्वस्त नसते. एकच खड्डा चार वेळा बुजवला तर चार वेळा बिल निघते.

दुसरा खड्डा असतो तो खोदकामाचा. पाण्याची लाइन, केबल, गडर, गॅस. खोदणाऱ्या संस्थेकडून रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च परवानगी देतानाच वसूल करण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमच्या दारातला चर बुजवण्याचे पैसे आधीच जमा झालेले असू शकतात. ते कधी भरले, किती भरले आणि कुठे खर्च झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण आपण विचारत नाही.

सिमेंटचा रस्ता आणि बुडालेले जोते

खड्ड्यांवर रामबाण म्हणून गेल्या दीड दशकात नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांचे पर्व आले. सिमेंटचा रस्ता नीट झाला तर वीस-तीस वर्षे टिकतो हे खरे. परंतु नीट होणे म्हणजे काय? जुना थर खरवडून काढायचा, खालच्या लाइनी आधी बदलायच्या, पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवायची आणि नाली आधी बांधायची. आमच्या अरुंद गल्ल्यांत जुन्या थरावर नवा, नव्यावर आणखी नवा असा सिमेंटचा डोंगर चढत गेला. आजोबांनी तीन पायऱ्या चढून जायचे घर बांधले, नातू आज एक पायरी उतरून घरात जातो. पाऊस आला की रस्त्याचे पाणी चुलीपर्यंत येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि माणसे मेली. त्या वेळी शहरातल्या सुखवस्तू ले-आउटांनाही हा अनुभव आला आणि उंच झालेल्या सिमेंट रस्त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली. आमच्या वस्त्यांत हे दर पावसाळ्यात घडत होते, त्याची बातमी कधी झाली नव्हती.

कामठी रोडवरच बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला साडेपाच किलोमीटरहून अधिक लांबीचा दुमजली पूल सुरू झाला. गड्डीगोदामजवळ तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. अभियांत्रिकीचा हा पराक्रम पाहून आम्हांलाही अभिमान वाटतो. पण बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली होती, ती तिथे उभे राहिले की आठवते. वरून मेट्रो सुसाट जाते आणि तिच्या खांबापासून हाकेच्या अंतरावरल्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही. वरच्या मजल्यासाठी हजारो कोटी मिळत असतील तर तळमजल्याच्या डागडुजीला निधी नाही, हे कसे पटावे?

पायी चालणारा कोण?

फुटपाथचा विषय तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. पायी कोण चालतो? मोलकरीण, मजूर, शाळेत जाणारी पोर, पेन्शन घ्यायला जाणारे वृद्ध आजोबा. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की अडथळाविरहित आणि अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण फुटपाथ मोकळा करा म्हटले की प्रशासनाला फक्त भाजीवाली आणि चहाची टपरी दिसते. तुटलेले झाकण, मध्येच रोवलेला विजेचा डबा, रांगेने लावलेल्या मोटारगाड्या दिसत नाहीत. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यांची नोंदणी करून जागा ठरवून देण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे. पायी चालणारा गरीब आणि फुटपाथवर विकणारा गरीब यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे.

रस्त्यावर डांबर पसरणारा मजूरही आपलाच आहे. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात, वाफाळत्या डांबराजवळ तो साध्या चपलेवर उभा असतो. हातमोजे नाहीत, बूट नाहीत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. वर्षात ९० दिवस काम केलेल्या बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. ठेकेदार हे सांगणार नाही. ते सांगणे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

कागद वाचायला शिका

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. रस्त्याचे प्रत्येक काम जमिनीवर होण्याआधी कागदावर होते. अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी मिळते, प्रशासकीय मंजुरी मिळते, निविदा निघते, मोठे काम असेल तर स्थायी समितीपुढे जाते, कार्यादेश निघतो. काम झाल्यावर लांबी, रुंदी, जाडी मोजमाप पुस्तिकेत लिहिली जाते आणि त्यावर बिल निघते. शिवाय करारात दोष दायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने तो दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची ठेव अडकवून ठेवलेली असते. हे किती जणांना ठाऊक आहे? मुदतीतला खड्डा लोक मुकाट सोसतात, मुदत संपते, ठेव परत जाते, आणि मग त्याच रस्त्याची दुरुस्ती जनतेच्या पैशातून नव्याने निघते. गरिबाच्या अज्ञानावर चालणारा हा धंदा आहे.

यावर शस्त्र आपल्या हाती आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही. पण या कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये आणखी एक अधिकार आहे, जो फार थोडे वापरतात. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा! म्हणजे तुमच्या गल्लीतल्या सिमेंटची जाडी कागदावर आठ इंच असेल तर ती खरोखर आठ इंच आहे का, हे तुम्हांला बघता येते.

न्यायालयेही आता स्पष्ट बोलली आहेत. खड्डेमुक्त, सुस्थितीतले रस्ते हा कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, लक्षात आणून दिलेला खड्डा ४८ तासांत हाताळावा आणि दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून रक्कम वसूल करावी, असा तो आदेश. भरपाई ठरवायला महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. आमच्या मावशीसारखी बाई यापुढे पडली तर दवाखान्याचा कागद, खड्ड्याचा तारखेसह फोटो आणि पोलीस ठाण्यातील नोंद, एवढे त्याच दिवशी करून ठेवा. हात मोडल्यावर दोन घरची कामे गमावणे, हे तिचे नशीब नव्हते.

आपलेही थोडे चुकते

केवळ प्रशासनाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्या चार वर्षांत आपल्या किती संघटनांनी झोन कार्यालयात रस्त्यांचा हिशेब मागितला? २०१७ मध्ये एकट्या बहुजन समाज पक्षाचे दहा नगरसेवक या सभागृहात होते, इतर पक्षांतही आपली माणसे होती. चार सदस्यांच्या प्रभागात एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि चौघे मिळून कुणाचेच काम करीत नाहीत, हा दोष पद्धतीचा आहेच. परंतु स्वागताची कमान, चौकाचे सुशोभीकरण आणि जयंतीचा मंडप मागणारे आपण, नालीचा उतार मागत नाही, हा दोष कुणाचा?

आपण एकत्र आलो की काय होते, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो लोक जमले आणि त्याच दिवशी सरकारला ते काम थांबवावे लागले. ज्यांच्यासाठी काम करता त्यांना विचारा, हा त्या दिवसाचा धडा होता. एका दिवसात एवढी ताकद दाखवणारा समाज बारा महिने थोडीशी दाखवू शकत नाही काय?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. नागपुरात गल्लोगल्ली बुद्ध विहारे आहेत. प्रत्येक विहारात एक वही ठेवा, रस्त्याची वही. विहाराच्या परिसरातल्या प्रत्येक गल्लीचे एक पान. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, शेवटचे काम केव्हा झाले, ठेकेदार कोण, किती जाडीचे काम, दोष दायित्व कधी संपते, कुणी कधी खोदले, तक्रार कधी दिली, आवक क्रमांक काय, हे त्यावर लिहा. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे ती वही वाचा. दहावी-बारावी शिकलेली आपली पोरे-पोरी हे काम सहज करतील. दोष दायित्व संपायला तीन महिने उरले की अर्ज गेलाच पाहिजे. झोनमधल्या साहेबाला जेव्हा कळेल की या वस्तीत आपल्यापेक्षा नीट ठेवलेली वही आहे, तेव्हा तो ‘हा रस्ता आमचा नाही’ हे वाक्य उच्चारण्याआधी दोनदा विचार करील.

बाबासाहेबांनी आपल्याला अक्षर दिले. त्या अक्षराने आपण इतिहास वाचला, संविधान वाचले. आता आपल्या दारातल्या रस्त्याचे अंदाजपत्रक वाचायचे आहे. पुढल्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीचा रस्ता गुळगुळीत असेलच, त्याची आम्हांला चिंता नाही. त्या रात्री वंदन करून परतणारी मावशी वळसा न घालता आपल्या गल्लीतून सरळ घरी गेली पाहिजे, एवढे काम आपण या वर्षी करू या.

जयभीम!